मुदत चुकली तर काय?

महाराष्ट्रात एखादा भयंकर गुन्हा घडला की दुसऱ्याच दिवशी 'फास्ट ट्रॅक कोर्टात खटला चालवा' अशी मागणी होते. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर 'अमेरिकेत बघा, कसा झटपट निकाल लागतो' हेही येते. कॅलिफोर्नियात राहून इथली कोर्टे पाहिली की हे खरे वाटत नाही. फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा, निकाल इथेही वर्ष-दोन वर्षे रखडू शकतो. खरा फरक पहिल्या काही आठवड्यांत आहे, आणि आपल्याकडे चर्चा नेमकी त्याचीच होत नाही.

कॅलिफोर्नियात अटकेनंतर ४८ तासांत, रविवार आणि सुट्ट्या वगळून, आरोपीला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. (आपला २४ तासांचा नियम याहून कडक आहे, आणि त्याला रविवारचीही सूट नाही.) या पहिल्या हजेरीला अरेनमेंट म्हणतात. आरोप सांगितले जातात, ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने पब्लिक डिफेंडर मिळतो, जामिनाचा विचार होतो आणि बहुतेक आरोपी 'नॉट गिल्टी' म्हणतात. त्या दिवशी घाईने कबुली देऊ नये, कारण वकिलाने पोलिसांचे कागद धड वाचलेले नसतात. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी तर मुळीच नाही. पुढे राज्याच्या कोर्टाने प्रकरण पुसून टाकले, तरी इमिग्रेशनच्या लेखी ती कबुली शिल्लक राहू शकते. वकिलाने हा धोका आधी सांगितलाच पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले आहे.

यानंतर कोर्टाच्या कामकाजाच्या १० दिवसांत प्रिलिमिनरी हिअरिंग, म्हणजे प्राथमिक सुनावणी. सबळ कारणाशिवाय ही मुदत हुकली, तर कोठडीतल्या आरोपीवरची तक्रार न्यायाधीशाला फेटाळावीच लागते. सरकारला ती पुन्हा दाखल करता येते, पण साधारणपणे एकदाच.

या सुनावणीत ज्युरी नसते. सरकारी वकिलाला गुन्हा सिद्ध करायचा नसतो, खटला चालवण्याइतका दाट संशय आहे एवढेच दाखवायचे असते. १९९० पासून अनुभवी किंवा प्रशिक्षित पोलीस अधिकारी साक्षीदारांचे म्हणणे त्यांच्या वतीने सांगू शकतो, त्यामुळे चाळणी बरीच सैल झाली आहे. तरी उलटतपासणी होते, तीही भर कोर्टात. समजा, लॅपटॉपची चोरी आहे. साधारणपणे किंमत ९५० डॉलरच्या वर असेल तरच फेलनी. फिर्यादीने दोन वर्षांपूर्वीचे ११०० डॉलरचे बिल दिलेले असते. बचावाचा वकील विचारतो, चोरीच्या दिवशी बाजारात याचे किती आले असते? उत्तर ७०० आले, तर फेलनी तिथेच कोसळते. आपल्याकडे हा प्रश्न साक्षीदाराला विचारायची संधी खटला उभा राहीपर्यंत येत नाही.

इथले सगळे आलबेल आहे असे नाही. पुरावे पाहायला वेळ हवा म्हणून बचाव पक्षच अनेकदा 'टाइम वेव्ह' करतो, म्हणजे मुदतीचा हक्क सोडतो, आणि १० दिवसांचे महिने होतात. जामीन ५०,००० डॉलरचा असेल तर आरोपीसाठी कोर्टाला हमी (बाँड) देणारा दलाल साधारण ५,००० घेतो, आणि ते परत मिळत नाहीत. आरोपीची ऐपत पाहा, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले, तरी गरीब माणूस केवळ सुटका व्हावी म्हणून कबुली देतो, ही इथली उघडी जखम आहे.

आता आपल्याकडे पाहा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खटला सत्र न्यायालयाकडे पाठवण्यापूर्वी दंडाधिकारी साक्षी नोंदवू शकत असे. वेळ जातो म्हणून १९७३ च्या संहितेने ती पायरी काढली. वेळ काही वाचला नाही, चाळणी मात्र गेली. आज आरोपमुक्तीच्या, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून वगळण्याच्या, अर्जावर न्यायाधीश पाहतात ते मुख्यतः पोलिसांचेच कागद.

१९७३ च्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सत्र खटल्यांत आरोपनिश्चितीला, म्हणजे कोणत्या आरोपांवर खटला चालणार हे कोर्टाने ठरवण्याला, ६० दिवसांची मुदत घातली. पण ती चुकली तर काय, याचे उत्तर कलमात नाही. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस नसतात, सहआरोपीचा वकील गैरहजर असतो, मोबाइलमधल्या डेटाची प्रत मिळालेली नसते, आणि पुढची तारीख पडते. एल्गार परिषद प्रकरणात २०१८ मध्ये अटक झालेल्या दोघांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये जामीन दिला, तेव्हाही आरोपनिश्चिती झालेली नव्हती.

याउलट दोषारोपपत्राची मुदत पाहा. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते आले नाही आणि आरोपीने ते येण्यापूर्वी अर्ज केला, तर जामीन हा त्याचा हक्क होतो. म्हणूनच ते ८९ व्या दिवशी का होईना, येते. तेच पोलीस, तीच कोर्टे. फरक एवढाच की दोषारोपपत्राची मुदत चुकवण्याची किंमत मोजावी लागते.

मग आरोपनिश्चितीलाही तशीच किंमत लावा. ६० दिवस उलटले आणि दिरंगाई आरोपीची नसेल, तर कोठडीतल्या आरोपीच्या जामिनाचा विचार कोर्टाने आपणहून करावा, आणि मुदत का चुकली याची कारणे लेखी नोंदवावीत. सुरुवात सत्र न्यायालयांपासून करता येईल. संहिता नवीन आहे, दुरुस्तीला हीच वेळ बरी.