एक तृतीयांश खर्चात एक षष्ठांश वेळ

‘पूर्णवेळ सीएफओ परवडत नाही? ऑनलाइन टॅलेंट मार्केटप्लेसवरून अर्धवेळ घ्या. तोच अनुभव, एक तृतीयांश खर्च. कमिशन शून्य, कामाच्या तासांचेच पैसे, नको वाटलं की बंद.’ या आशयाची पोस्ट सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. (सीएफओ म्हणजे कंपनीच्या पैशांचा कारभार पाहणारा मुख्य अधिकारी; टॅलेंट मार्केटप्लेस म्हणजे असे तज्ज्ञ गाठून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म.) छोट्या कंपन्यांचे करार आणि बिलं तपासणं हे माझं रोजचं काम. अर्धवेळ अधिकारी ठेवायला माझा अजिबात विरोध नाही. चांगला माणूस आठवड्यातून दोन दिवस आला तरी कंपनीची घडी बसते, हे मी पाहिलं आहे. पण या पोस्टवर विसंबून लोक वर्षाचं बजेट आखतात आणि चौथ्या महिन्यात पैसे कमी पडतात. तेव्हा पदरमोड करायची वेळ मालकावर येते. म्हणून एकेक दावा तपासू.

‘एक तृतीयांश खर्च.’ हे मांडूनच बघा. पूर्णवेळ अधिकाऱ्याचा वर्षाचा पगार २०८० तासांनी (आठवड्याचे ४० तास, ५२ आठवडे) भागला आणि तासाला १०० आले असं धरू. त्यावर विमा, निवृत्तिनिधी, भरपगारी रजा, बोनस. अमेरिकेतल्या खासगी क्षेत्राची सरकारी आकडेवारी पाहिली तर नोकरदारावर होणाऱ्या एकूण खर्चात या गोष्टींचा वाटा सुमारे ३० टक्के असतो. म्हणजे १०० पगारामागे कंपनीला साधारण १४० पडतात. आता अर्धवेळ तज्ज्ञाकडे वळू. त्याचा विमा त्याचा, रजा बिनपगारी, आणि नवी कामं शोधण्यात जाणाऱ्या वेळेचे पैसे त्याला कोणी देत नाही. त्याच्या दर शंभर तासांपैकी साठच तासांचं बिल होतं असं समजलं, तर तासाला १४० सुटण्यासाठी त्याला २३३ लावावे लागतील. प्लॅटफॉर्मने बिलातून २० टक्के कापले, तर तुमच्या हातात येणारं बिल तासाला २९० च्या आसपास जातं.

पूर्णवेळ माणसाचा आठवड्याचा खर्च ५६००. त्याचा एक तृतीयांश म्हणजे १८६७. तेवढ्यात या दराने साडेसहा तासही पूर्ण बसत नाहीत. चाळीसपैकी साडेसहा म्हणजे जेमतेम एक षष्ठांश. आणि आठवड्याला १९ तास झाले की खर्च पूर्णवेळ माणसाइतकाच होतो. साठाऐवजी सत्तर टक्के धरा, कमिशन कमी धरा, आकडे थोडे हलतील. पण पैसे आणि वेळ एकाच प्रमाणात कमी होतात, हे काही सिद्ध व्हायचं नाही. पोस्टमध्ये खर्चाचा आकडा आहे, तासांचा नाही. सगळी गफलत तिथेच आहे.

‘कमिशन शून्य.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. प्लॅटफॉर्म चालतात कशावर? फ्रीलान्सर आणि ग्राहक यांची गाठ घालून देणारं अपवर्क हे परिचित उदाहरण घ्या. २०१६ पासून काही वर्षं तिथे एकेका ग्राहकामागे पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, पुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्यावर ५ टक्के असं काम करणाऱ्याकडून कापलं जायचं. २०२३ मध्ये ते सरसकट १० टक्के झालं, २०२५ मध्ये तेही बदललं. ग्राहकाकडून घेतलं जाणारं शुल्क वेगळंच. टॉपटलसारख्या ठिकाणी ग्राहकाला एकच रेट कळतो, त्यातले तज्ज्ञाला किती मिळतात हे बिलावर दिसत नाही. ‘ते पैसे तज्ज्ञाच्या खिशातून जातात, तुमच्या नाही’ असं कोणी म्हणालं तर मानू नका. तज्ज्ञ कापले जाणारे पैसे धरूनच दर सांगतो. त्याला ८० हवे असतील तर तो १०० मागतो. प्लॅटफॉर्म त्याला २० टक्के म्हणतो, तुमच्या दृष्टीने तो ८० वर चढवलेला २५ टक्के बोजा आहे.

शिवाय माणूस आवडला आणि थेट घ्यावासा वाटला तर? अपवर्कच्या अटींनुसार ओळख झाल्यापासून २४ महिने व्यवहार तिथूनच करायचा, नाहीतर बाहेर पडण्याचं वेगळं शुल्क भरायचं. इतर प्लॅटफॉर्मच्या करारांतही अशी कलमं मी वाचली आहेत, बहुतेकदा मालकाने सही केल्यानंतर.

इथे दुसरी बाजूही सांगते. वरिष्ठ पदासाठी सर्च फर्मकडे (वरिष्ठ अधिकारी शोधून देणाऱ्या संस्थेकडे) गेलात, तर ती पहिल्या वर्षाच्या मोबदल्याच्या साधारण एक तृतीयांश फी घेते, सहसा तीन हप्त्यांत. ती फी इथे वाचते. पूर्णवेळ अधिकाऱ्याला द्यावे लागणारे शेअर्सही बरेचदा वाचतात. ही बचत खरी आहे, आणि पोस्टमध्ये नेमकी हीच नाही.

‘कामाच्या तासांचेच पैसे.’ एका कंपनीचं पहिल्या महिन्याचं बिल माझ्यासमोर आलं, ३२ तासांचं. त्यातले १९ तास जुने करार वाचणं, बँक खात्यांची परवानगी मिळेपर्यंतच्या मीटिंगा आणि हिशोबाची पद्धत समजून घेणं यात गेले होते. तज्ज्ञाने फसवलं नव्हतं, ते काम करावंच लागतं. पूर्णवेळ माणूसही तेवढाच वेळ घेईल, पण त्याचे ते तास वर्षभरात विरून जातात. इथे पहिल्या महिन्याचं निम्म्याहून जास्त बिल त्यातच संपलं. आणि बरेच करार रिटेनरचे असतात: महिन्याचे ठरलेले तास वापरा की नका वापरू, पैसे द्यायचेच.

आणखी एक खर्च बिलावर कधीच येत नाही. त्याच कंपनीत तज्ज्ञाचे दिवस सोमवार आणि मंगळवार. बँकेचा प्रश्न आला गुरुवारी दुपारी: कर्जाच्या अटीतलं एक गुणोत्तर का घसरलं? उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी हवं होतं. तज्ज्ञ तेव्हा दुसऱ्या ग्राहकाकडे. मालकीणबाई आणि त्यांची अकाउंटंट रात्री साडेदहापर्यंत जुन्या शीट चाळत बसल्या. त्या सहा तासांची किंमत पोस्ट लिहिणाऱ्याने कुठे धरली आहे?

‘नको वाटलं की बंद.’ करार थांबवता येतो, हे बरोबर. काही ठिकाणी सुरुवातीला चाचणीचा काळही मिळतो आणि तो जरूर वापरावा. पण थांबवणं फुकट नसतं. या कंपनीने सातव्या महिन्यात करार थांबवला, तेव्हा रोख आवक-जावकीची शीट तज्ज्ञाच्या स्वतःच्या खात्यात, त्याच्या स्वतःच्या टेम्पलेटमध्ये होती. ती कंपनीच्या खात्यात आणून समजावून द्यायचे चार तास लागले. शेवटचं बिल त्या चार तासांचं होतं. नव्या तज्ज्ञाच्या पहिल्या बिलात तीच शीट समजून घ्यायचे पाच तास पुन्हा आले.