तोडफोडीचा खर्च धरलाच नाही
घरातल्या पाण्याच्या पाइपाची गळती काढायचा खर्च म्हणजे प्लंबरची मजुरी आणि सामान, असं एका लेखात वाचलं. ते उघड्या पाइपापुरतंच खरं आहे. भिंतीच्या आत दडवलेल्या (कन्सिल्ड) पाइपलाइनला ते लागू होत नाही. आमच्या बाथरूममध्ये गळका एल्बो (पाइप वळवणारा जोड) बदलणं हे सगळ्यात स्वस्त काम ठरलं. पैसे गेले ते गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्यात, टाइल्स फोडण्यात, वॉटरप्रूफिंगमध्ये आणि गवंड्याच्या मजुरीत. जुन्या टाइल्सशी जुळणाऱ्या टाइल्स मिळेनात, ते वेगळंच.

म्हणून अंदाज घेतानाच विचारा: फोडलेलं पूर्ववत करून देणं यात धरलंय का? राडारोडा कोण उचलणार? आणि भिंत बंद करण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट (पाइपात दाबाने पाणी भरून कुठे गळतंय का ते पाहणं) करून घ्याच. ती न करता प्लास्टर झालं आणि जोड पुन्हा पाझरला, तर हा सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.