माकड मोजायला बंदूक लागत नाही

एक फॉरवर्ड सध्या गटागटांत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जंगलातल्या माकडाचं किंवा गोरिलाचं माप हवं तर बंदुकीने भुलीच्या औषधाची सुई म्हणजे डार्ट मारून त्याला बेशुद्ध करण्यावाचून इलाज नाही. फोटोवरून काढलेली मापं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. वर लेझर मारून प्राण्यांना छळायचं, वजन तर कळतच नाही, आणि कळून उपयोग तरी काय? पुरावा म्हणून द लॉयच्या 'वानरा'चा फोटो जोडलेला.

पुराव्यापासूनच सुरुवात करतो, कारण किस्सा खरंच झकास आहे. फ्रान्स्वा द लॉय या स्विस भूगर्भशास्त्रज्ञाने व्हेनेझुएला-कोलंबिया सीमेवरच्या जंगलात मारलेला प्राणी खोक्यावर बसवला, हनुवटीखाली काठीचा टेकू दिला आणि फोटो काढला. १९२९ साली मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मोंतांदों यांनी तो मानवासारखा नवा प्राणी म्हणून जाहीर केला. उंची सांगितली १.५७ मीटर. आज तो साधा स्पायडर मंकी, म्हणजे लांब हातापायांचं तिथलंच एक माकड, मानला जातो. पण यात फोटोचा काय दोष? त्यात खात्रीची मोजपट्टीच नव्हती. खोकं किती उंच असावं यावरून प्राण्याचा आकार काढायची वेळ आली.

आता हीच उणीव भरून काढा. कॅमेऱ्याला दोन लेझर अगदी समांतर बसवायचे, समजा ४ सेंटिमीटर अंतरावर. किरण समांतर असल्यामुळे प्राणी ५ मीटरवर असो वा १५, अंगावरच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर ४ सेंटिमीटरच राहतं. फोटोत ते ८० पिक्सेल भरलं आणि पाठीची रुंदी १,२०० पिक्सेल भरली, तर पाठ ६० सेंटिमीटर. इयत्ता सातवीचं त्रैराशिक. 'जवळून काढलेला फोटो मोठा दिसतो' हा आक्षेप इथेच गळून पडतो, कारण प्राण्याबरोबर ठिपक्यांमधलं अंतरही तेवढंच मोठं दिसतं. युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात लाल कोलोबस माकडांची शेपटी अशी मोजली गेली. तो अभ्यास २००८ साली छापून आला. शेपटीची निवडही हुशारीची, कारण फांदीवर बसलेल्या कोलोबसची शेपटी सरळ खाली लोंबते.

चूक होतच नाही असं नाही. प्राणी कॅमेऱ्याला तिरका बसला की माप आखूड येतं. ठिपके पोटावर आणि मोजायचा हात पुढे असला तर हिशेब बिघडतो. भर उन्हात लाल ठिपका दिसतच नाही. म्हणून एकाच प्राण्याचे अनेक फोटो घेतात, वाकडेतिकडे टाकून देतात, आणि दोन माणसं स्वतंत्रपणे मोजतात. ज्याची चूक किती हे तपासता येतं त्याला अंदाजपंचे म्हणत नाहीत.

छळाबद्दल म्हणाल तर लेझर कमी शक्तीचा वापरतात आणि चेहऱ्यावर मारत नाहीत. लांबच्या प्राण्यासाठी ठिपके लागतही नाहीत. प्राणी किती लांब आहे हे मोजणारं यंत्र आणि लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे ती चित्र किती मोठं करते हे सांगणारा आकडा, एवढं पुरतं. काँगो प्रजासत्ताकातल्या म्बेली बाई या दलदलीच्या मोकळवनात मचाणावरून गोरिला याच रीतीने मोजले गेले. शिवाय तुलना कशाशी करायची? डार्ट लागलेलं माकड फांदीवरून खाली पडू शकतं.

वजनाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. फोटो लांबी-रुंदी देतो, किलो नाही. पण म्हणून बंदूकच हवी, हे कुठून आलं? टांझानियातल्या गोम्बेत ताणकाट्याला दोर टांगून वर केळं ठेवत. चिंपांझी दोरावर चढला की काट्यावर वजन वाचायचं! याने प्राण्याला माणसाच्या केळ्याची सवय लागते, आणि ते मला स्वतःला पटत नाही. त्याहून बरी वाट मूत्राची. घरट्याखालच्या पानांवर पडलेले थेंब गोळा करून त्यातलं क्रिएटिनीन मोजायचं. आपल्या किडनीच्या रिपोर्टात असतं तेच. ते स्नायूंमधून येतं, म्हणून मूत्र किती पातळ आहे याचा हिशेब धरला की चिंपांझीच्या अंगावर मांस किती, याचा अंदाज मिळतो.

रक्त, दात किंवा रेडिओ कॉलर हवी असेल तर बेशुद्ध करावं लागतं, हे मान्य. पण फॉरवर्डमध्ये गोष्ट मापांची आहे.

राहिला उपयोग. रवांडाच्या व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात नर पर्वतीय गोरिलांच्या पाठीची रुंदी फोटोवरून काढली आणि त्यांच्या छाती बडवण्याचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २०२१ साली निष्कर्ष छापला : नर जितका मोठा, तितका छातीचा आवाज खर्जातला. म्हणजे झाडीआडून न दिसणारा प्रतिस्पर्धी केवढा आहे, हे दुसऱ्या गोरिलाला नुसतं ऐकून कळू शकतं. त्या नरांना डार्ट मारून पाडलं असतं तर पाठ मोजता आली असती. छाती कोणी बडवली असती?