भाड्याची गाडी घेताना भाडं सगळ्यात शेवटी विचारा

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. "शनिवार-रविवारसाठी सेल्फ ड्राइव्ह गाडी हवीये, स्वस्तात कोणाकडे मिळेल?" लगेच खाली नंबरांची रांग लागते. कोणी वाकडचा माणूस सुचवतं, कोणी धायरीचा, कोणी म्हणतं, "माझ्या ओळखीतला आहे, डिपॉझिटसुद्धा घेत नाही." गाडीला विमा कोणता आहे, हे विचारलेलं मी तरी त्या ग्रुपवर अजून पाहिलेलं नाही.

मी एका वर्कशॉपच्या बॉडीशॉपमध्ये विम्याचे क्लेम बघते. ठोकलेली गाडी आत आली की क्लेमची खबर द्यायची, कागद गोळा करायचे, सर्व्हेअरची (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याची) वेळ घ्यायची, मंजुरी आली की काम सुरू करून घ्यायचं, शेवटी बिल. भाड्याच्या गाडीचा व्यवहार मला असा शेवटाकडून दिसतो, आणि तिथून बघितलं की दिवसाला चारपाचशे रुपये वाचवल्याला काही अर्थ उरत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. गाडीचं भाडं हा निम्मा आकडा. गाडीला काही झालं तर जास्तीत जास्त किती पैसे माझ्या खिशातून जाणार, हा उरलेला निम्मा. तो लेखी मिळत नसेल तर भाडं कितीही कमी असो, ते डील चांगलं नाही.

पहिल्यांदा नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीची पाटी काळी असते आणि त्यावर पिवळी अक्षरं. ड्रायव्हरसकट येणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी असते, पण ती धंद्याची असेल तर त्यावरची अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी ही खाजगी गाडी. दोन दिवसांसाठी पैसे घेऊन कोणी ती देत असेल तर तो परवान्याशिवायचा धंदा आहे. 'रेंट अ कॅब'ची केंद्र सरकारची योजना १९८९ ची आहे आणि तिच्यात परवाना मिळवायला किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो. घरची एक जास्तीची गाडी आणि फेसबुकवरची जाहिरात यात कुठेच बसत नाही. (कंपन्या वर्षा-दोन वर्षांच्या करारावर लीजने गाड्या देतात तो प्रकार वेगळा, त्याची इथे सरमिसळ नको.)

पांढऱ्या पाटीवर मी इतकी का अडून बसते, ते सांगते. खाजगी गाडीच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची याचा एक रकाना असतो, आणि त्यात भाड्याने देणं स्पष्ट वगळलेलं असतं. अगदी फर्स्ट पार्टी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी), झिरो डेप (भागांच्या झिजेची कपात न करणारं कव्हर), सगळी ॲड-ऑन घेतलेली पॉलिसी असली तरी गाडी भाड्याने दिली होती हे समोर आलं की गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला विमा कंपनीला तेवढं कारण पुरतं. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर बऱ्याचदा मोटार अपघात न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. आणि मालक ती कोणाच्या मागे लागून काढायला बघणार, हे वेगळं सांगायला नको.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे ताम्हिणीतून टो करून एक गाडी आली. पुढचा बंपर, रेडिएटर, डावा हेडलॅम्प, सगळं आत गेलेलं. बरोबर कर्वेनगरचं एक तरुण जोडपं, कडेवर लहान मुलगी. कोणाला लागलं नव्हतं, ही देवाची कृपा. क्लेम फॉर्ममध्ये गाडी कोण चालवत होतं आणि त्याचं मालकाशी नातं काय, अशी जागा असते. मी विचारलं. मुलगा म्हणाला, "ताई, भाड्याने घेतलीये." तेवढ्यात मालकाचा फोन. आधी त्याला, मग मला. "मॅडम, मित्र म्हणून लिहा ना, तुमचं काय जातंय?" मी लिहिलं नाही. त्या मुलाला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की खाली सही तुझी असणार आहे, जे घडलं तेच लिही. सर्व्हेअर आला, त्याने मोबाइलमधलं बुकिंगचं बोलणं आणि यूपीआयचं पेमेंट पाहिलं, आणि क्लेम तिथेच संपला. पुढे मालकाने दुरुस्तीचं सगळं बिल त्या मुलाकडे मागितलं, वर गाडी गॅरेजमध्ये उभी होती त्या प्रत्येक दिवसाचं भाडंही. पावती नाही, करार नाही. मूळ आरसी मालकाकडे आणि मुलाचं मूळ आधार कार्डही मालकाकडेच. ओळखपत्र मूळ स्वरूपात कोणाकडेही गहाण ठेवू नका, हेही जाता जाता सांगून ठेवते.

आता काळी पाटी आहे, म्हणजे काम झालं? नाही. गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. गाडीचा प्रकार, फिटनेसची मुदत, विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंत आहे, सगळं दिसतं. मग देणाऱ्याकडे पॉलिसीची प्रत मागा. 'इन्शुरन्स आहे मॅडम, काळजी नको' हे उत्तर मी मानत नाही. कारण नुसती थर्ड पार्टी (फक्त समोरच्याच्या नुकसानीपुरती) असली तरी इन्शुरन्स 'आहे'च, कायद्याला तेवढी पुरते. पण तिच्यातून त्या गाडीच्या स्वतःच्या पत्र्यासाठी एक रुपयाही मिळत नाही.

सर्वसमावेशक, म्हणजे फर्स्ट पार्टी, पॉलिसी असली तरी ती पूर्ण बिल देत नाही. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी किंमत कापली जाते, आणि आजकालच्या गाडीच्या पुढच्या भागात प्लास्टिकशिवाय आहे काय? बंपर, ग्रिल, फेंडरच्या आतलं लायनर, सगळं तेच. काचेवर कपात नाही. टायर एकटाच फुटला तर विम्यात काही मिळत नाही. ठराविक रक्कम दर क्लेमला आधीच वजा होते ती वेगळी. या सगळ्या कपाती भाडेकरार करताना तुमच्या अंगावर टाकलेल्या असतात. म्हणून करारात 'डॅमेज लायबिलिटी'ची रक्कम शोधा. समजा एकीकडे भाडं दिवसाला २,००० आहे आणि नुकसानीची जबाबदारी 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' अशी मोकळी सोडलेली आहे. दुसरीकडे भाडं २,६०० आहे, पण जबाबदारी १०,००० वर थांबवलेली आहे. मी डोळे मिटून दुसरी घेईन, आणि माझ्या भावालाही तीच घ्यायला लावेन. ॲपवर बुकिंग करताना शेवटच्या पानावर जादा प्रोटेक्शनचा पर्याय येतो, तो सवयीने काढून टाकू नका. त्याने जबाबदारी किती रकमेवर येते ते वाचा, आणि त्यातून काय वगळलंय तेही. बहुतेक वेळा टायर, गाडीचं खालचं अंग, किल्ली हरवणं आणि गाडीच्या आतलं नुकसान बाहेरच असतं.

पाण्याबद्दल वेगळं लिहिते, कारण आपल्याकडे भाड्याच्या गाड्या जातात कुठे? मुळशी, पानशेत, भोर, कोकण. रस्त्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, बंद पडली, आणि घाबरून तीनचारदा स्टार्टर मारला की इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर लागतं, आणि करारात तर 'निष्काळजीपणा' म्हणून पूर्ण बिल तुमच्यावर येतं. गाडी पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका. ढकलून बाजूला घ्या, कंपनीला फोन करा, टो मागवा.

आणि माणसाचं काय? पत्रा बदलता येतो. गाडीच्या पॉलिसीत १५ लाखांचं जे सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं ते मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी आहे. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर बहुधा ते घेतलेलंच नसतं. भाड्याने घेऊन चालवणारे तुम्ही त्यात कुठेच नाही. बरं, थर्ड पार्टीतून मिळेल म्हणावं, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा प्रकरणात म्हटलं की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो, तो तिऱ्हाईत ठरत नाही. त्या प्रकरणातला माणूस मागून घेतलेल्या मोटारसायकलवर गावी निघाला होता, पुढे चाललेली बैलगाडी अचानक थांबली आणि तिच्यावर आदळून तो गेला. त्याच्या बायकोने शेवटपर्यंत लढा दिला. २०२० मध्येही न्यायालयाने हाच दृष्टिकोन कायम ठेवला. म्हणून स्वतःच्या नावाची वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. गाडी कोणाची का असेना, ती तुमच्याबरोबर असते, आणि तिचा हप्ता एका वीकेंडच्या भाड्यापेक्षा फार नसतो. घरात कमावणारं एकच माणूस असेल तर यात टाळाटाळ करू नका, हात जोडून सांगते.

आता पैसे वाचवायचे कुठे, तर तेही आहेच. शुक्रवार संध्याकाळऐवजी गुरुवार रात्री किंवा शनिवार सकाळ घेतली तर भाड्यात फरक पडतो. गणपती, दिवाळी, नाताळ यांची गाडी आधीच धरून ठेवा, रद्द करण्याची अट बघून. किलोमीटरची मर्यादा आणि पुढचा दर बघा. पुणे ते गणपतीपुळे जाऊन-येऊन, वर तिथलं फिरणं, स्वस्त दिसणारं पॅकेज तिथेच महाग होतं. आणि एक गोष्ट कोणी हिशेबात धरत नाही, ती म्हणजे ड्रायव्हरसकट गाडी. दिवसाचे किमान किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल धरून आकडा मोठा दिसतो. पण पेट्रोल त्याचं, गाडीच्या नुकसानीची जबाबदारी त्याची, आणि तुम्ही कायद्याने प्रवासी. जुलैत वरंध्याचा किंवा ताम्हिणीचा घाट उतरायचा असेल, आणि तुम्ही वर्षभर गाडी फक्त हिंजवडीपर्यंत नेत असाल, तर मी ड्रायव्हरचीच गाडी घ्यायला सांगेन.

मुलांकडे परदेशात जाणाऱ्या काका-काकूंनी एवढं लक्षात ठेवावं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधी इथल्या आरटीओतून काढा, ते वर्षभर चालतं. युरोपात भाड्यात सहसा सीडीडब्ल्यू (गाडीच्या नुकसानीची जबाबदारी कमी करणारं कव्हर) धरलेलं असतं, पण त्याखाली 'एक्सेस' नावाची बरीच मोठी रक्कम तुमच्यावर राहते, आणि काउंटरवरचा माणूस ती कमी करायला महागडं कव्हर विकतो. तेच काम करणारी एक्सेसची पॉलिसी आधी वेगळी घेतली तर बहुधा स्वस्त पडते. अमेरिकेत गाडीच्या नुकसानीचं आणि समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर वेगवेगळं असतं, दोन्ही विचारा. तिथल्या क्रेडिट कार्डांवर मिळणारं गाडीचं कव्हर आपल्या इथल्या कार्डावर असेलच असं धरून चालू नका.

गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ सगळेच काढतात, पण उभ्या उंचीवरून. खाली बसा. बंपरचा खालचा ओठ, चारही रिम, दाराखालची पट्टी, काचेवरचा बारीक टवका, छत. बेसमेंटच्या ट्यूबलाइटमध्ये ओरखडे दिसत नाहीत, गाडी उजेडात आणायला सांगा.

आणि काही झालंच तर ही गोष्ट विसरू नका, कारण हे मी जवळून पाहते. काही जण दुरुस्तीचे पूर्ण पैसे ग्राहकाकडून घेतात आणि त्याच दुरुस्तीचा क्लेमही विम्यातून उचलतात. एकाच बंपरचे पैसे दोनदा घेणं ही ग्राहकाची उघड फसवणूक आहे आणि मला त्याचा संताप येतो. पैसे देण्याआधी विचारा, क्लेम केलाय का? केला असेल तर क्लेम नंबर, सर्व्हेअरने मंजूर केलेली रक्कम आणि वर्कशॉपचं जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. विम्यातून आलेले वजा करून उरलेलेच तुमच्याकडून घेता येतात, तेही करारात लिहिलेल्या मर्यादेपर्यंत. नुसता रंग मारून भागलं असेल तर नव्या बंपरचे पैसे देऊ नका, बिलात पार्ट नंबर आहे का बघा. दाद देत नसतील तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, आणि तिथेही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदल्याची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. करार, व्हिडिओ, पेमेंटची पावती आणि ते बिल, एवढे चार कागद मात्र जपून ठेवा.