'तीन निळ्या टिक'च्या मेसेजबद्दल खुलासा

सांगलीत मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: 'उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार. व्हॉट्सॲपवर तीन निळ्या टिक म्हणजे सरकारने मेसेज वाचला, लाल टिक आली की कारवाई.' हे साफ खोटं आहे. व्हॉट्सॲपवर तिसरी टिकच नाही, आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) हा दावा आधीच खोडून काढलाय.

म्हणून सरकारला पाळत ठेवताच येत नाही, असं मात्र नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली एरवी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश पुरतो, न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही. बोलायचंच तर यावर बोलायला हवं!

आणखी एक. चॅट 2016 पासून एन्क्रिप्टेड आहे, मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण गूगल ड्राइव्हवर जाणारा त्याचा बॅकअप आपोआप तसा सुरक्षित असेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअप उघडा आणि 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू आहे का बघा. पासवर्ड ठेवलात तर वहीत लिहून ठेवा. तो हरवला तर कंपनीलाही बॅकअप उघडून देता येत नाही.

तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाकावं.