आधी अँटिव्हायरस बंद करा

आज संध्याकाळी भाचा आला. दहावीची परीक्षा झालीय, सुट्टी आहे, डोक्यात बीट्सशिवाय दुसरं काही नाही. बहिणीनं भिशी उचलून त्याला म्युझिक प्रॉडक्शनच्या क्लासला घातलंय, अठरा हजार रुपये भरून. पहिल्याच आठवड्यात क्लासवाल्यांनी सगळ्या पोरांना एकेक पेनड्राइव्ह दिला, लायसन्सचं कुलूप तोडलेल्या म्युझिक सॉफ्टवेअरचा. "मामा, फुल व्हर्जन आहे, सगळे प्लगिन्स आहेत, विकत घ्यायचं म्हटलं तर लाखभर जातील!" पोरगं नुसतं फुललेलं. पेनड्राइव्हमध्ये सूचनांची एक टेक्स्ट फाइल. पहिली ओळ: आधी अँटिव्हायरस बंद करा.

ती ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं.

अठरा हजार घेता. शिकवायचे घेता. आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हातात पहिलं हत्यार देता ते चोरीचं? वर त्यालाच सांगता की घराचं दार सताड उघडं टाक, काही होत नाही. तबल्याच्या क्लासमध्ये कुणी दुसऱ्याच्या घरातून उचललेला तबला पोरापुढे ठेवला असता, तर आपण त्याला तिथं बसू दिलं असतं का? उठवून आणलं असतं ना? मग इथं का चालतं?

मला ही ओळ सांगणारा माझा मित्रच होता. २०१९ साली. तुम्हा गाणं-बजावणं करणाऱ्या मित्रांपैकी दोघा-तिघांना हे माहीत आहे, बाकीच्यांना मी कधी सांगितलं नाही. आज लिहितोच.

पाटण तालुक्यातले एक गोंधळी होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. वय अठ्ठ्याहत्तर. दिवाळीनंतर ते एसटीनं कराडला माझ्याकडे आले, संबळ जुन्या धोतरात बांधून मांडीवर घेऊन. दोन दिवस राहिले. मी हॉलच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, शेजारच्या काकूंना दुपारी मिक्सर लावू नका म्हणून विनवून आलो. अण्णांनी गॅसच्या मंद आचेवर चामडं शेकून घेतलं, बोटानं टिचकी मारून कान दिला, पुन्हा शेकलं. मग वाजवायला बसले. सव्वातीन तासांचं रेकॉर्डिंग झालं. पहिला तुकडा झाल्यावर मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. जन्मभर लोकांच्या अंगणात रात्र रात्र जागवली त्या माणसानं, पण स्वतःचा हात असा कधी ऐकला नव्हता. डोळे मिटून बसले. मग हेडफोन काढून म्हणाले, "हा माझ्या बापाचा हात हाय."

पंधरा दिवसांनी मिक्सिंगला बसायचं म्हणून मी मित्राकडचा क्रॅक, म्हणजे असंच कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर, टाकला. त्यानं सांगितलं तसा आधी अँटिव्हायरस बंद केला. सकाळी लॅपटॉप उघडतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला एक नवीन शेपूट लागलेलं, आणि एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, ही जात क्रॅक आणि कीजेनच्या (खोटी लायसन्स-की बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटात बसूनच फिरायची, हे नंतर कळलं. काही जणांच्या फाइली सोडवून देणारं फुकट टूलही आहे, माझ्या सुटल्या नाहीत. बॅकअप हवा होता, मान्य. बॅकअपची हार्ड डिस्क त्या रात्री त्याच लॅपटॉपला लावलेली होती.

आता कुणीतरी खाली लिहीलच की सगळेच वापरतात, तू कशाला एवढा तापतोस. तापणारच! गेल्या गणपतीत आपल्यातल्या एकाचा कोरस कुण्या रिमिक्सवाल्यानं नाव न घालता उचलला, तेव्हा आपण सगळे कसे पेटलो होतो? 'कलाकाराच्या घामाची किंमत नाही' अशा पोस्टी कुणी टाकल्या होत्या? आपणच. आणि त्या पोस्टी टाकणाऱ्या लॅपटॉपवर काय काय होतं, हे आपल्याला एकमेकांचं माहीत आहे. सॉफ्टवेअर लिहिणारासुद्धा रात्री जागतोच की. त्याचा घाम दिसत नाही म्हणून तो नाहीच का? कायद्याचं तर बोलूच नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बीमध्ये सॉफ्टवेअरची अशी चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलाय. पण मला पोलिसाची भीती घालायची नाहीये. मला लाज वाटायला हवीय, माझ्यासकट सगळ्यांना.

पैसे नसतात, हे खरं आहे. डॉलरमधली किंमत तालुक्याच्या पोराला झेपत नाही, एवढं मी कबूल करतो. पण विकत घेणं नाहीतर चोरणं, असे दोनच रस्ते असते तर मी गप्प बसलो असतो. तिसरा रस्ता गेली वीस-पंचवीस वर्षं समोर आहे. एलएमएमएस नावाचं गाणं बनवायचं फुकट सॉफ्टवेअर २००४ पासून आहे. बीट बसवायचा, पियानो रोलवर चाल टाकायची, वरून सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरनं घडवलेला वाद्याचा आवाज, लावायचा, सगळं त्यात होतं. आर्डर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याही आधीपासून आहे, पॉल डेव्हिस नावाच्या माणसानं सुरू केलेलं, आणि तो आजही त्यावर काम करतोय. आर्डरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांना खुला आहे, तयार प्रोग्राम हवा तर जमतील तेवढे पैसे द्यायचे. उबंटू स्टुडिओ ही संगीतवाल्यांच्या सोयीची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीत तर त्यात आर्डर आधीच बसवलेलं मिळतं. सर्ज नावाचा सिंथ आधी पैसे मोजून घ्यावा लागायचा, २०१८ साली बनवणाऱ्यानं स्वतःच त्याचा कोड सगळ्यांसाठी मोकळा केला. आपल्या खिशात चार पैसे नाहीत म्हणून आपल्याला हलकं लेखणारी ही माणसं नाहीत. घ्या, वापरा, शिका, आत काय आहे ते बघा, बदला, शेजाऱ्यालाही द्या, असं ते लायसन्समध्येच लिहून देतात. आणि आपण? आपण ते बाजूला सारून पेनड्राइव्ह फिरवतो, का तर स्क्रीन दिसायला भारी!

अडचणी आहेत. एलएमएमएसमध्ये माइक लावून थेट गाणं रेकॉर्ड होत नाही, ते ऑडॅसिटी या फुकट रेकॉर्डिंग प्रोग्राममध्ये नाहीतर आर्डरमध्ये करून आणावं लागतं. आर्डर पहिले आठ दिवस रडवतं. मुंबईच्या स्टुडिओत नोकरी हवी असेल तर तिथं चालणारं सॉफ्टवेअर यायलाच लागतं, तेव्हा ते रीतसर घ्या, माझी काही तक्रार नाही.

पण आर्डरची एक गोष्ट मला रात्रीबेरात्री आठवते. त्याची सेशनची फाइल साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. कुठला ट्रॅक, किती आवाज, कुठं कापलंय, सगळं लिहिलेलं. रेकॉर्डिंग शेजारच्या फोल्डरमध्ये वेव्ह फाइल म्हणून सरळ पडलेलं. उद्या आर्डर बंद पडलं तरी माझं काम माझ्याजवळ. क्रॅकचं तसं नाही. विंडोजचा एखादा अपडेट आला की प्रोग्राम उघडत नाही, आणि ज्याचा माल चोरलाय त्यालाच मदत करा म्हणून पत्र कुठल्या तोंडानं लिहायचं?

अण्णा २०२० च्या श्रावणात गेले. लॉकडाऊन होता, मला जाता आलं नाही. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा त्यांच्या मुलानं जेवणं आटोपल्यावर हळूच विचारलं, "दादा, ते अण्णांचं केलं होतं ना तुम्ही, ते द्याल का? पोरांना ऐकवायचंय." माझ्या मोबाइलमध्ये मीच त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलेली पावणेदोन मिनिटांची क्लिप होती. तेवढीच. मी तीच पुन्हा पाठवली. त्यानं ती तिथंच अंगणात लावली, आतल्या बायका बाहेर आल्या, आणि क्लिप संपली तरी सगळे पुढचं यायची वाट बघत उभे होते.

सव्वातीन तास होते रे ते. सव्वातीन तास.

हे लिहिता लिहिता भाच्यावरचा राग गेला. त्याच्यावर नव्हताच खरं तर. पेनड्राइव्ह हातातून काढून घेतला तेव्हा पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. जेवण झाल्यावर त्याला जवळ बसवलं आणि अण्णांचं सांगितलं. काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग दुसरं काय आहे ते दाखव."

घरात हलगी होती. आधी शेकली. एकच ठोका तीनदा घेतला, हळू, मध्यम आणि जोरात, साध्या मोबाइलवर. ऑडॅसिटीत पुढची-मागची शांतता कापली. हायड्रोजन नावाचं ड्रम मशीन आहे, तेही मोकळं, त्यात एकाच वाद्याखाली हे तिन्ही ठोके थर म्हणून घालता येतात. ठोक्याचा जोर कमी ठेवला की हळू ठोका, जास्त ठेवला की कडक. अकरा वाजेपर्यंत त्याचा स्वतःचा हलगीचा किट तयार झाला. कुणाचा उचललेला नाही, कुठल्या पॅकमधला नाही. रात्री पोरगं हेडफोन लावून तोच एक ठोका परत परत वाजवत बसलं होतं, हळू, जोरात, हळू, जोरात.

क्लास सोड असं मी त्याला सांगणार नाही. शिकवणारे जाणकार आहेत असं तो म्हणतो. उद्या मात्र मी त्यांना फोन करणार आहे, आणि शांतपणे बोलणार आहे, जमेल तेवढं. पुढच्या बॅचला एलएमएमएस द्या म्हणून सांगेन. बसवून द्यायला मी येतो, एक रुपया नको.

अण्णांचा मुलगा वाजवतो. त्याचा हात वेगळा आहे, पण वाजवतो. त्यालाही बोलवायचंय, या वेळी दोन डिस्क वेगवेगळ्या ठेवून.

आणि कराडच्या आसपास ज्याला कुणाला हे शिकायचंय, त्यानं रविवारी सकाळी दहानंतर घरी यावं. लॅपटॉप कसलाही चालेल, जुना असला तरी. हेडफोन वायरचा आणा, ब्लूटूथचा नको, त्यात आवाज उशिरा येतो.