भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून शाळासोबत्यांच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. माझ्याकडे तो चारदा आला. चौथ्यांदा मावशीकडून, खाली प्रश्नासकट: “अरे, मग माझा कॉम्प्युटर देऊ का भंगारात?”

मेसेज थोडक्यात असा. जुना कॉम्प्युटर आता बाद झाला. कोणी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाका म्हणेल, पण त्याच्या नादी लागू नका. ते प्रोग्रामर लोकांचं काम, काळ्या पडद्यावर कमांडा बडवत बसावं लागतं. त्यात मराठी नीट चालत नाही. वर्डच्या फायली उघडत नाहीत. प्रिंटर चालत नाही. फुकट, आणि आतला कोड जगाला उघडा, म्हणजे सुरक्षित कसं असेल? आणि जर्मनीतल्या म्युनिक शहरानेसुद्धा ते वापरून सोडून दिलं. शेवटी ‘वेळीच नवा घ्या’ आणि जोडलेले हात.

मावशीचा कॉम्प्युटर २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे या मशीनवर ते अधिकृतपणे चढत नाही, इतपत मेसेज खरा आहे. पण अपडेट थांबणं आणि मशीन बाद होणं या दोन वेगळ्या गोष्टी. बटण दाबलं की ते चालू होतंच. शिवाय मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून आणखी एक वर्षाचे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे, सुरक्षा अपडेट घ्यायची सोय ठेवली आहे. घाई कसलीच नव्हती. ती घाई मेसेजने लावली.

काळ्या पडद्याचं म्हणाल, तर ही गोष्ट एकेकाळी खरी होती. मी पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा नुसता आवाज चालू करायला एक रविवार गेला होता. पण तो अनुभव आज सांगणं म्हणजे ट्रंक कॉलच्या आठवणींवरून मोबाईल घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. मावशीकडे मी लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच घरगुती वापराला सोपा अवतार, टाकलं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. तिचा पहिला प्रश्न होता, “मागचं चित्र बदललंस का?” पट्टीवर उजवीकडे ढालीचं चिन्ह आहे. नवं अपडेट आलं की त्यावर ठिपका येतो, दाबायचं, पासवर्ड द्यायचा, संपलं. कमांड तिने आजवर एकही दिलेली नाही.

आणि मेसेजवाले जे कधीच सांगत नाहीत ते हे, की टाकण्याआधी चालवून बघता येतं. विकत घेण्याआधी आंबा चाखावा तसं. मिंटची फाईल उतरवून खास साधनाने पेनड्राइव्हवर लिहायची (नुसती कॉपी करून चालत नाही), कॉम्प्युटर चालू करताना त्याच्या कंपनीप्रमाणे एफ१२ किंवा एफ९ दाबत राहायचं, आणि पेनड्राइव्हवरूनच सगळी सिस्टिम उभी राहते. हार्ड डिस्कला हात लागत नाही. त्या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासून घ्यायचे. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढून बंद करायचं, विंडोज होतं तिथेच असतं.

मावशीकडे वाय-फाय दिसेना. मी क्षणभर मनात म्हटलं, झालं, आता मेसेज खरा होणार. मग तिचाच फोन केबलने जोडला, त्यातलं यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून कॉम्प्युटरला देणं) चालू केलं, नेट आलं. कायमचं बसवल्यावर ड्रायव्हर मॅनेजरने त्याच नेटवरून वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आणला. दहा मिनिटांचं काम, पण ही युक्ती माहीत नसेल तर माणूस तिथेच हात टेकतो. मूळ विंडोजच्या बाजूला बसवणार असाल तर आणखी दोन गोष्टी आधी करा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ती डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्समधून तिच्यावर लिहिता येत नाही. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवा. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढणं हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

आता मराठी. मला खरा राग आला तो या मुद्द्याचा, कारण यात अर्धसत्य आहे आणि दोष भलत्याच्या माथी मारलाय.

मावशीच्या भजनी मंडळाची अभंगांची वही आहे, शंभरेक पानांची, पंधरा वर्षांपूर्वी कोणाकडून तरी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली. लिनक्सवर ती उघडली आणि पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा. “बघ, मराठी गेलं!” मावशी म्हणाली. मी तीच फाईल शेजारच्यांच्या नव्या कोऱ्या विंडोज ११ लॅपटॉपवर नेऊन उघडली. तिथेही तोच चिवडा.

घडतं ते असं. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फायलीत साठतात ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं. फॉन्ट फक्त सोंग काढतो: ‘ई’ च्या जागी ‘म’ चं चित्र, ‘जे’ च्या जागी ‘र’, ‘के’ म्हणजे काना, ‘बी’ म्हणजे ठ, ‘एच’ म्हणजे दुसरी वेलांटी. फॉन्ट नसला की सोंग उतरतं आणि आतलं रोमन उघडं पडतं. मराठी त्या फायलीत मुळात नव्हतंच. मावशीच्या जुन्या विंडोजमधून ती फॉन्टची फाईल काढली, लिनक्समध्ये दोनदा क्लिक करून बसवली, आणि वही जशीच्या तशी दिसायला लागली.

पुढचं काम म्हणजे ती वही युनिकोडमध्ये (जिथे फायलीत खरी देवनागरी अक्षरंच साठतात) आणणं, आणि ते करायलाच हवं, मग तुम्ही विंडोजवर राहा नाहीतर कुठेही. रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टात ‘कीर्तन’ मधला रफार ‘त’ नंतर बडवायचा असतो, युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘त’ च्या आधी येतो. पहिली वेलांटी जुन्यात अक्षराच्या आधी, नव्यात नंतर. याच जागी साधनं अडखळतात. आम्ही दोघांनी दोन दुपारी बसून वही तपासली. मावशी म्हणत होती, मी दुरुस्त करत होतो, एरवी मला इतके अभंग कोण ऐकवणार!

नव्याने मराठी लिहिणं मात्र सरळ आहे. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्डचा आराखडा सिस्टिममध्ये आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन यादीत जोडायचा. तो विंडोजसारखाच. ‘दऱ्याखोऱ्या’ मधला तो चिमटीएवढा ‘ऱ्य’ काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग ‘य’ ची कळ, इथेही आणि तिथेही. रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवणाऱ्यांसाठी आयबस या टायपिंगच्या साधनाची जोड आहे, ती वेगळी उतरवावी लागते. रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेल्या जुन्या टायपिस्टांना थोडी शोधाशोध पडेल. पण ‘मराठी चालत नाही’? हा लेख मी लिनक्सवरच टाइप केलाय.

वर्डच्या फायली लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. मग लोक का चिडतात? दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो म्हणून. कारण पुन्हा फॉन्टच. मायक्रोसॉफ्टचा मंगल हा मराठी फॉन्ट लिनक्समध्ये नसतो, त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट येतो, त्याच्या ओळीची उंची वेगळी, आणि सहीची जागा पुढच्या पानावर घसरते. इंग्रजी कॅलिब्रीला कार्लिटो नावाचा तंतोतंत त्याच मापाचा पर्यायी फॉन्ट आहे, त्यामुळे इंग्रजी पत्रांत हे क्वचितच जाणवतं. पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा. एक्सेलमधल्या मॅक्रोंचं (आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचं) काही सांगता येत नाही, साधे चालतात, गुंतागुंतीचे मान टाकतात.

प्रिंटरबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे. गेल्या काही वर्षांतले वाय-फायवाले प्रिंटर ड्रायव्हर न टाकताच दिसतात. एचपीच्या बहुतेकांना आधार आहे, काहींना एक जादा प्लगइन लागतो. पण आपल्याकडे वकिलाच्या टेबलावर आणि झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा काळा-पांढरा लेझर ‘कॅप्ट’ नावाची स्वतःचीच भाषा बोलतो. त्याला लिनक्सवर बोलतं करता येतं, पण घाम काढून. तो घरात असेल तर आधी पेनड्राइव्हवरून चाचणी घ्याच.

सुरक्षेच्या मुद्द्यावर दोन्ही बाजू थापा मारतात. ‘लिनक्सला व्हायरस लागतच नाही’ ही आमच्या बाजूची. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट फोडली गेली आणि काही काळ तिथून खोड घातलेली प्रत लोकांच्या हाती पडत होती. म्हणूनच उतरवलेल्या फायलीचा चेकसम, म्हणजे फाईल अस्सल आहे का हे पडताळायचा आकडा, जुळवून बघायचा असतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते करावं.

‘कोड उघडा म्हणून असुरक्षित’ ही दुसऱ्या बाजूची. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फायली आवळणाऱ्या छोट्याशा प्रकल्पात कोणीतरी चोरदार बसवल्याचं उघड झालं. बसवणाऱ्याने दोनेक वर्षं मदतनीस म्हणून काम करून विश्वास कमावला होता. पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. त्याला दिसलं इतकंच, की दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो अर्धा सेकंद त्याला खुपला आणि त्याने कोड उघडून मुळापर्यंत शोध घेतला. कोड बंद असता तर उशिराची तक्रार नोंदवून वाट बघत बसला असता. मिंट किंवा (लिनक्सचाच दुसरा अवतार) उबुंटूच्या पक्क्या आवृत्त्यांपर्यंत ती खोड पोहोचलीच नव्हती. यावरून उघडा कोड अभेद्य ठरत नाही, पण उघडा म्हणून धोकादायक हेही टिकत नाही.

फुकट कसं परवडतं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बरेच जण इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोक आहेत, कारण त्या कंपन्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली. मिंट देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं. ‘तुमच्या खिशातला अँड्रॉइडसुद्धा लिनक्सच’ हा आमच्या लोकांचा लाडका टोला मी मारत नाही. फोनच्या पोटात लिनक्स आहे म्हणून घरचा प्रिंटर चालत नसतो.

म्युनिकची गोष्ट खरी आहे, पण तिची शेपटीच तेवढी पुढे पाठवली जाते. महापालिकेने २००३ मध्ये निर्णय घेतला, दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवलं. कारणांत राजकारण होतं, खात्याखात्यांची विस्कळीत रचना होती, आणि बाकीच्या सरकारी यंत्रणेशी सॉफ्टवेअर जुळवण्याची कटकटही होती. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले तीसेक हजार कॉम्प्युटर उलट दिशेने न्यायचं जाहीर केलं, ते कोणी फॉरवर्ड केलं नाही. तसं बघितलं तर केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतायत. तरी मावशीच्या कॉम्प्युटरचा निर्णय म्युनिकवरूनही घेऊ नये आणि केरळवरूनही.

मेसेज ज्याबद्दल गप्प आहे ती अडचण वेगळीच. टॅली विंडोजसाठी बनतं. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्सवर येत नाहीत. डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर आणि सही करणारं सॉफ्टवेअर ही साखळी बहुधा विंडोज धरूनच बसवलेली असते. ज्याचं पोट यांवर आहे त्याने विंडोज ठेवावं, वाद नको. घरबसल्या आयकर विवरण भरून आधारच्या ओटीपीने पूर्ण करणाऱ्याला ब्राउझर पुरतो. आणि ४ जीबी रॅमचं मशीन लिनक्सने वाऱ्यासारखं पळेल अशीही अपेक्षा धरू नका. वीस टॅब उघडले की ब्राउझर इथेही धापा टाकतो. मावशीच्या मशीनला खरा वेग आला तो जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, घातल्यावर.

शिवाय दुरुस्तीवाला. गल्लीतला पोरगा तीन-चारशे रुपयांत ‘विंडोज मारून’ देतो, लायसन्स कुठून आलं हे कोणी विचारत नाही. लिनक्स म्हटलं की तो मान हलवतो. म्हणजे मावशीचा दुरुस्तीवाला मीच, आणि घरात असा कोणी नसेल तर हा मुद्दा वरच्या सगळ्यांपेक्षा जड आहे.

तिच्या मशीनवर विंडोजचा भाग मी पुसलेला नाही. भिशीचा हिशोब एका मॅक्रो भरलेल्या एक्सेलमध्ये आहे, खजिनदारीणबाईंच्या मुलाने केलेला, आणि तो लिबरऑफिसमध्ये मान टाकतो. महिन्यातून एकदा मावशी, जुनं विंडोज नेटवर जाऊ नये म्हणून, राउटरचं बटण बंद करते, विंडोजमध्ये जाते, हिशोब छापते आणि परत येते.